सोमल आणि दुसरा माणूस

“सोमल आहे की नाही, एवढंच सांगा.”

“कशात?”

“तुमच्या औषधात.”

विश्रामबुवांनी हातातला हिरडा सुपात ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी चपला बाहेर काढल्या होत्या, पण गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायचं राहिलं होतं. त्यावरून नाव कळलं. मृणाल ठोसर, सुरक्षा प्रमुख.

“बसा की,” बुवा म्हणाले.

“मला वेळ नाही.”

“मग उभ्याने विचारा. उत्तर तेच हाय.”

मी कोपऱ्यात गेरू कुटत होतो. मी निवृत्त तलाठी. बायको गेल्यापासून दुपारी या मठात येऊन बसतो आणि मिळेल ते काम करतो. मठ म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला चार खोल्या, एक विहीर आणि मागे औषधांची खोली. बुवांच्या गुरूंच्या काळात तिथे पारा, हरताळ, सोमल म्हणजे इंग्रजीतलं आर्सेनिक, अशी जहाल औषधं व्हायची. त्यामुळे आजही पंचक्रोशीत कुणाला उलटी झाली की लोक आधी मठाकडे बोट दाखवतात.

“गंगाराम पाष्टे तुमच्याकडून पुड्या नेतो,” बाई म्हणाल्या. “त्याच्या कपाटात सापडल्या आम्हाला.”

“नेतो. पायाला मुंग्या येतात त्याच्या.”

“त्याच्या लघवीत सोमल निघालाय. एकदा नाही, तीनदा.”

बुवांनी चटई पुढे सरकवली.

बाई बसल्या.

खाडीपलीकडचा कारखाना आम्हाला दिसतो, पण आत काय चालतं ते आम्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बाईंनी सांगितलं. तिथे पापडाहून पातळ चकत्या बनतात. गॅलियम नावाचा एक धातू आणि आपला सोमल, दोन्ही एकजीव करून. त्या चकत्यांचे बारीक तुकडे मोबाइलमध्ये बसतात. आपण कानाला लावून गप्पा मारतो त्यात तिळाएवढा सोमल असतो, हे ऐकून मी कुटायचा थांबलो.

“घाबरू नका,” बाई मला म्हणाल्या. “चकतीत तो बांधलेला असतो. हातात धरलीत तरी काही होत नाही.”

“मग सुटा कुठे होतो?” बुवांनी विचारलं.

“भट्टीत. चकतीवर थर चढवताना त्याची पूड आतल्या भिंतींवर बसते. दर पंधरा दिवसांनी एक माणूस आत जाऊन ती खरवडून काढतो.”

“पाष्टे.”

“पाष्टेच. पण उघडा नाही जात. अंगभर पोशाख असतो, डोक्यावर टोपी, तोंडाला नळीतून बाहेरची हवा. खोलीत चार ठिकाणी यंत्रं लावलीत, हवेत कणभर जरी काही आलं तरी भोंगा वाजतो. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांची लघवी तपासतो आम्ही. मी स्वतः पाहते.”

हे सांगताना बाईंचा आवाज जरा वर चढला होता. चढू दे. मेहनत त्यांची होती. कारखान्याच्या फाटकावर एक फलक आहे, तो आमच्या तरीच्या धक्क्यावरूनही वाचता येतो. ‘अपघाताविना दिवस’, आणि पुढे आकडा. त्या दिवशी तो दोन हजार नऊशे चौदा होता.

“मग भोंगा वाजला का?” बुवांनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“आणि सोमल?”



“पहिल्यांदा आम्ही मासळी धरली,” त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. बाईंना राग आला असावा, कारण त्यांनी ते मला नीट समजावून सांगितलं. मासळीतही एक सोमल असतो. तो गरीब जातीचा, शरीराला बाधत नाही, दोन-तीन दिवसांत निघून जातो. पण कारखान्यात होते त्या साध्या तपासणीला हा सोमल वेगळा, तो वेगळा, हे कळत नाही. म्हणून तपासणीच्या आधी तीन दिवस मासे खायचे नाहीत असा नियम आहे. आता कोकणात हा नियम कोण किती पाळणार? कुणाचाही आकडा वर गेला की बांगड्यावर खापर फोडायचं आणि मोकळं व्हायचं, अशी तिथली रीत पडली होती.

“पाष्टे म्हणाला, मी खाल्ले नाहीत,” बाई म्हणाल्या. “कुणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगते, मीही नाही. दुसऱ्या वेळी त्याला तीन दिवस आमच्या विश्रामगृहात ठेवला. वरणभातावर. तरी आकडा वरच.”

“मग?”

“मग तुमच्या पुड्या सापडल्या.”

बुवांनी मान हलवली. जणू कुणी त्यांना सांगितलं होतं, पावसाळा जवळ आलाय.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. उद्या सकाळी दहाला परदेशातून गिऱ्हाईक येणार होतं, कारखाना बघायला. त्याआधी सातला भट्टी खरवडायची होती, आणि ते काम शिकलेला एकटा पाष्टे. त्याला आत पाठवायचं तर आकडा का चढला याचं कारण आज संध्याकाळपर्यंत बाईंनी लिहून सही करायला हवी होती. कारण बाहेरचं असेल तर पाष्टे आत जाईल, भट्टी चालेल, फलकावर दोन हजार नऊशे पंधरा होतील. कारण आतलं असेल, किंवा ठाऊक नसेल, तर काम बंद आणि फलकावर शून्य.

“आठ वर्षं मी हे उभं केलंय,” बाई म्हणाल्या. “तुमच्या एका पुडीपायी…”



बुवांनी चष्मा मागितला. मी दिला. कागद त्यांनी मोठ्याने, अक्षर लावत वाचला. ‘माझ्याकडून श्री. गंगाराम पाष्टे यांना देण्यात आलेल्या औषधात सोमल होता.’

“पेन हाय?”

बाईंनी पेन दिलं. बुवांनी सही केली. खाली तारीखही घातली.

“बुवा!” मी म्हणालो. “अहो, सुंठ आणि गोखरूची पूड ती. परवा मीच तर चाळून दिली!”

“तू गेरू कूट.”

बाई कागदाकडे बघत राहिल्या.

“म्हणजे… होता सोमल?”

“नाय. या मठात सोमल येऊन एकतीस वर्सं झाली.”

“मग सही का केलीत?”

“तुम्हाला हवी होती.”



माझी समजूत होती की बाई आता तो कागद परत करतील. त्यांनी तो दोनदा घडी घालून पिशवीत ठेवला. मला बाईंचा राग आला. त्याहून जास्त बुवांचा आला. चाळीस वर्षं मी पंचनाम्यांवर लोकांच्या सह्या घेतल्या. सही म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं.

“पुडीचा नमुनाही नेते,” बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “नोंदीसाठी लागेल.”

त्यांनी पिशवीतून पातळ निळे हातमोजे काढून घातले. मग नाकातोंडावर मास्क चढवला. बुवा हे सगळं मोठ्या कौतुकाने बघत होते.

“असंच घालून पाष्टे आत जातो?”

“असंच. त्याचं फक्त जाड असतं.”

“घालायला सोपं दिसतं. काढतो कसा?”

मास्कच्या वर बाईंचे डोळे चमकले. बरोबर माणसाने बरोबर प्रश्न विचारला की शिकवणाऱ्याला होतो तसा आनंद त्यांना झाला. “तेच तर महत्त्वाचं आहे. घालताना कुणी चुकत नाही. आधी टोपी मागे सारायची. मग हातमोजे, आतली बाजू बाहेर करत. मग मास्क, नुसत्या पट्टीला धरून. मग हात धुवायचे. क्रम चुकायचा नाही. ही पद्धत मीच लिहिली आहे.”

“दाखवा.”

“आत्ता?”

“सही दिली ना मी. म्हाताऱ्याचं एवढं तरी ऐका.”

त्यांना नाही म्हणता येईना.

बुवांनी खुंटीवरची आपली कानटोपी काढून बाईंच्या हातात दिली. मग मला म्हणाले, “ती कढई आण.” तुळशीच्या कट्ट्याला लावायला गेल्या महिन्यात कालवलेला गेरू कढईच्या आतून वाळून चिकटला होता. खरवडायचं काम माझंच होतं आणि मी ते तीन आठवडे टाळत होतो. आठ वर्षांचा अनुभव असलेल्या अधिकारी बाई, डोक्यावर बुवांची लोकरी कानटोपी, हातात उलथनं, माझी कढई खरवडताहेत, हे दृश्य बघून माझा राग थोडा उतरला.

बाईंनी काम मात्र चोख केलं. वाकून, पूर्ण कढई. गेरूचा लाल धुरळा उडत होता. त्यांच्या बाहीवर, टोपीवर, खांद्यावर बसत होता.

“झालं,” त्या म्हणाल्या.

“आता काढा. पाष्टे काढतो तसं.”

बाईंनी कपाळाजवळ टोपीला धरलं आणि मागे सारून काढली. मग हातमोजे काढले, इतके सफाईने की लाल बाजू आत गेली आणि हातात दोन स्वच्छ निळे गोळे राहिले. मग पट्टीला धरून मास्क उतरवला. मी तांब्याने पाणी घातलं, त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, नखांतूनसुद्धा. पुसले, आणि दोन्ही तळवे बुवांपुढे धरले.

तळव्यावर डाग म्हणून नव्हता.

“वा,” बुवा म्हणाले. मनापासून म्हणाले. “मग पुढे?”

“पुढे काय? पाळी संपली की अंघोळ करायची.”

“पाळी कधी संपते?”

“तीन तासांनी.”

“तोवर?”

“बाकीची कामं. चहा वगैरे.”

“बसा. दमलात.”

बुवांनी नारळाची वाटी उचलली आणि सुरीने एक कातळी काढून बाईंच्या हातावर ठेवली. खोबरं ताजं होतं, पांढरं शुभ्र. आमच्याकडे घरी आलेल्याला असं काहीतरी हातावर दिल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

टोपी काढताना बाईंचे केस सुटले होते. बोलता बोलता त्यांनी ते मागे गोळा केले, मानेवर वर ओढून पिळले आणि पुन्हा चिमटा लावला. मग खोबऱ्याचा एक घास घेतला.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घ्यायला हात वर नेला.

हात तिथेच थांबला.

पांढऱ्या खोबऱ्यावर लाल बोट उमटलं होतं. आणि अर्धं बोट दिसत नव्हतं, कारण तेवढा भाग त्यांनी खाल्ला होता…

त्यांनी खोबरं दुसऱ्या हातात घेतलं. बोटं पाहिली. मग तीच बोटं मानेमागे नेली आणि परत पुढे आणून पाहिली. टोपी मागे सारताना तिची लाल बाजू मानेवर उलटी पडली होती. हे मला दिसलं होतं का? दिसलं असेल. पण मी कढई फुकट साफ झाल्याच्या आनंदात होतो.

“गेरूच हाय,” बुवा म्हणाले. “पोटात गेला तरी काय होत नाय.”



“पाष्टे तंबाखू खातो,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या. “आत मनाई आहे. पण चहाच्या सुट्टीत फाटकाबाहेर जातो. घाम पुसतो मानेचा… आणि मग तळव्यावर मळतो.”

“मळतो,” बुवा म्हणाले.

“पण हवेतली यंत्रं…”

“यंत्र हवा हुंगतं. मान हुंगत नाय.”

मला वाटलं, झालं. बाई उठतील, कारखान्यात जाऊन पाष्टेची टोपी बदलतील आणि प्रकरण मिटेल. पण त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि गेरूने कुणाचा चेहरा इतका उतरत नाही.

“आधी असं होत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आधी तिथे दुसरा माणूस असायचा.”

“काय करायचा तो?” बुवांनी विचारलं.

“पाष्टे बाहेर आला की तो मागे उभा राहायचा. टोपी तो काढायचा, मागून, गुंडाळत. मान ओल्या फडक्याने पुसायचा. मग त्याला जाऊ द्यायचा. सहा वर्षं होता तो. सहा वर्षांत त्याला काही म्हणजे काही सापडलं नाही. फडकं दर वेळी कोरंच. नुसता उभा असायचा. मग ती यंत्रं आली आणि मी… त्याला दुसरीकडे दिला.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि पाष्टेचा पहिला आकडा?”

“त्यानंतरचाच,” बाई म्हणाल्या. 

बुवांनी सूप बाजूला सारलं. मी बावीस वर्षं मठात येतोय. पुढचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“या खोलीचा एक नेम होता,” बुवा म्हणाले. “गुरूंचा. सोमल घोटणाऱ्याने आपलं अंग आपण धुवायचं नाय. दुसऱ्याने धुवायचं. घोटायचा राघो, माझा गुरुबंधू. धुवायचो मी. मान, कानामागे, नखं. बारा वर्सं धुतलं. कधी कणभर निघालं नाय.”

बुवांनी खालच्या वाडीकडे हात केला.

“एका शिमग्याला पालखी खाली वाडीत नाचायला आली होती. ढोल ऐकू येत होता. मी राघोला म्हटलं, आज तूच धू. त्याने धुतलं. काय झालं नाय. दुसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. तरी काय झालं नाय. मग मी जायचंच सोडलं. आणि रोज काय होत नव्हतं…”

“किती दिवस?” बाईंनी विचारलं.

“दीड वर्स. मग त्याच्या तळव्यांवर कण उठले. ज्वारीएवढे, कडक. मग पाय बधिर झाले. मग पोट. सगळे म्हणाले, राघोला कुणाची तरी नजर लागली. गुरूंनी मला जवळ बोलावून विचारलं, तू धूत होतास ना रे?”

बुवांनी चष्मा काढला.

“मी होय म्हणालो.”

बाहेर विहिरीचा रहाट कुणीतरी ओढत होतं. त्याचा आवाज येत होता, तेवढाच. मला बुवांकडे बघवेना. म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होते आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“पाष्टेचे तळवे तुम्ही पाहिलेत?” बाईंनी हळूच विचारलं.

“पाहिले.”

“कण?”

“दोन-चार. आत्ताच उठायला लागलेत. मी त्याला म्हटलं, तुझ्या बाईंना दाखव. तर म्हणतो कसा, हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? काम जाईल. पोरीचं लग्न ठरलंय.”

“मला दाखवलं असतं तर मी…”

 त्यांनी पिशवीवर हात ठेवला. आतला कागद त्यांच्या बोटांना लागला असणार. त्यांनी काय केलं असतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मासळी, वरणभात, पुडी. अजून एखादं कारण सापडलंच असतं. साप सोडून भुई धोपटायला जागा भरपूर असते.

“अजून वेळ आहे का?” त्यांनी विचारलं. “पाष्टेला?”

“राघोला दीड वर्सानंतरही होता. दोन महिने कुणी विचारलंच नाय. मग गेला तो.”

बाई उठल्या. दारात जाऊन त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“उद्या सातची सफाई रद्द करा.”

“मॅडम, दहाला पाहुणे आहेत!”

“माहीत आहे. पाष्टेला आत पाठवायचं नाही. आत म्हणजे आवारात कुठेच नाही. त्याला आज संध्याकाळीच रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात न्या, गाडी करून. मी तिथे येते. आणि त्याला सांगा, काम जाणार नाही. हे आधी सांगा, बाकीचं नंतर.”

“आणि कारण काय लिहू?”

 मी मुसळ खाली ठेवलं.

“माझं नाव लिहा,” त्या म्हणाल्या. “मी दुसरा माणूस काढला, असं लिहा.”

“मॅडम, फलक…”

“शून्य करा.”

“पाहुणे आल्या आल्या तोच बघतील!”

“बघू देत. आजच करा. सकाळची वाट बघू नका.”

त्यांनी फोन ठेवला. आठ वर्षं एका वाक्यात गेली होती. मला आता त्यांचा राग येईना. खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि मघाशी कानटोपीवर हसलो त्याची लाज वाटली.

त्या विहिरीकडे निघाल्या. मानेला हात लावणार, तेवढ्यात थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“काका, जरा पाणी घालाल? मला दिसत नाही तिथे.”

मी तांब्या घेतला. त्यांनी मान खाली वाकवली, केस एका बाजूला धरले. मी पाणी घातलं आणि ओल्या पंच्याने पुसलं. लाल पाणी दगडावरून वाहून गेलं. दुसऱ्यांदा पुसलं तरी पंच्याला थोडं लागलं. तिसऱ्यांदा कोरं आलं. तरी मी चौथ्यांदा पुसलं.

आत येऊन त्यांनी पिशवी उचलली. बुवा पुन्हा हिरडे निवडायला लागले होते. बाईंनी घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

“हा परत घ्या. मला माफ करा.”

बुवांनी हात पुढे केला नाही.

“तुमचा आहे तो,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नावाला काळं लागेल त्याने. मी फाडू का?”

“फाडू नका.”

“मग काय करू याचं?”

बुवांनी एक किडका हिरडा शोधून सुपाबाहेर टाकला.

“जपून ठेवा, बाई. आजची भीती पाच-सहा वर्सं टिकेल. मग दुसरा माणूस पुन्हा जास्तीचा वाटायला लागेल. तेव्हा लागेल तो.”